कर नाही, तरी डर आहे

नाशकात अजूनही लोक ‘व्हॅट नंबर’ म्हणतात. व्हॅट जाऊन २०१७ साली जीएसटी आला, पण शब्द काही जात नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्याच शब्दाभोवती एक नवीन वाक्य जुन्या नाशकात, वडाळा रोडला आणि तिकडे मालेगावातही फिरू लागलं आहे: “परदेशातून पैसे येतात ना? मग पहिल्या रुपयापासून जीएसटी काढावाच लागतो.” हे वाक्य सांगणाऱ्यांत नोंदणी करून देणारे आहेत, सायबर कॅफेवाले आहेत आणि ज्यांनी कायद्याचं एक पानही उघडलेलं नाही असे काका-मामाही आहेत. ऐकणाऱ्यांत बहुतेक माझे माजी विद्यार्थी आहेत, आणि त्यातही मुली जास्त.

हे वाक्य खोटं आहे. ते खोटं का आहे हे मी या लेखात सांगणार आहे. पण तेवढ्यावर थांबणार नाही, कारण हे खोटं बोलण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे, आणि ज्यांना खरोखर नोंदणी करावी लागते त्यांच्यावर होणारा अन्याय या गोंधळात झाकला जातो.

मी करसल्लागार नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा बीएड मास्तर आहे. पण कायद्याचं कलम हेही शेवटी एक वाक्यच असतं. वाक्यात कर्ता कोण, क्रियापद कुठे आणि अपवाद कुठे दडला आहे, हे शोधायला मी वीस वर्षं शिकवत आलो आहे.

आधी हे काम काय आहे ते सांगतो, कारण आपल्याच लोकांना ते माहीत नाही. लंडनच्या एखाद्या भाषांतर कंपनीला रुग्णालयाचं संमतिपत्र उर्दूत हवं असतं. टोरांटोतल्या कंपनीला मोबाइल ॲपमधली वाक्यं मराठीत हवी असतात. दुबईच्या वकिलाला उर्दू निकाहनाम्याचा तर्जुमा हवा असतो. कुणाला चित्रपटाची सबटायटल्स, कुणाला सर्वेक्षणाची प्रश्नावली. आपल्या मुलांना उर्दू घरातून मिळालेली असते, मराठी मोहल्ल्याबाहेरून आणि शाळेतून, इंग्रजी कॉलेजातून. तीन भाषांचं हे भांडवल बापजाद्यांनी जमिनीसारखं नावावर करून दिलं नव्हतं, तरी ते वारशानेच आलं. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात तेव्हा आपण छाती फुगवून सांगतो. नाशिकचे शब्दही आता युरोपात जातात, तेही कंटेनरशिवाय. निर्यात तीच. फरक इतकाच की आपल्या जमिनीत द्राक्षं पिकवून विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी कायद्याच्या कलम २३ने नोंदणीतून सरळ मोकळं ठेवलं आहे. शब्द पिकवणाऱ्याला तसं मोकळं ठेवलेलं नाही.

आता थोडा इतिहास. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ला आला. तो मालावरचा कर होता. साबण, कापड, सिमेंट विकलं तर व्हॅट. भाषांतर हा माल नव्हे, ती सेवा आहे, म्हणून भाषांतरकाराला व्हॅट नंबर कधीच लागला नाही. सेवांवरचा कर वेगळा होता. तो केंद्राचा सेवाकर, १९९४पासूनचा. १ जुलै २०१७ला हे दोन्ही आणि आणखी बरेच कर एकत्र करून जीएसटी झाला. म्हणजे दुकानदार आणि भाषांतरकार पहिल्यांदाच एका छपराखाली आले. छप्पर मात्र दुकानदाराच्या मापाने बांधलेलं होतं.

या छपराला तीन खांब आहेत, ते नीट पाहिले की सगळा गोंधळ कळतो.

पहिला खांब म्हणजे कलम २२. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी करायची. मालासाठी ही मर्यादा महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९पासून ४० लाख झाली, सेवेसाठी २० लाखच राहिली.

दुसरा खांब कलम २४. काही लोकांना उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे. त्या यादीत पहिलंच नाव आहे आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याचं. आणि आयजीएसटी कायद्याच्या कलम ७प्रमाणे भारतातून परदेशी दिलेली सेवा हा आंतरराज्य पुरवठाच धरला जातो. म्हणजे नाशिकहून लंडनला पाठवलेलं भाषांतर कायद्याच्या डोळ्यांना नाशिकहून सुरतला पाठवलेल्या कामासारखंच दिसतं. नोंदणी करून देणारे लोक मोबाइलवर हेच कलम उघडून दाखवतात. कलम खरं आहे, छापलेलं आहे, आजही पुस्तकात आहे.

तिसरा खांब ते दाखवत नाहीत. १३ ऑक्टोबर २०१७ला केंद्र सरकारने एकात्मिक कराची अधिसूचना क्रमांक १०/२०१७ काढली. तिच्यात म्हटलं आहे की करपात्र सेवांचा आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याची सगळ्या देशातली एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला नोंदणीतून सूट आहे. काही विशेष राज्यांसाठी ही मर्यादा १० लाख आहे, महाराष्ट्र त्यांत येत नाही. निर्यात हा आंतरराज्य पुरवठा असेल तर ही सूटही निर्यातीला लागते. सक्तीला जो दरवाजा, तोच सुटकेला.

थोडक्यात, पहिल्या रुपयापासून नोंदणी हा नियम फार तर १ जुलै ते १३ ऑक्टोबर २०१७ एवढे साडेतीन महिने होता. तो आजही सांगितला जातो.

२० लाख म्हणजे किती? समजा एखादी मुलगी शब्दाला ४ सेंट घेते आणि महिन्याला २५ हजार शब्द करते. ते झाले १,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर महिन्याचे ८५ हजार, वर्षाचे १० लाख २० हजार. रोज हजारभर शब्द नेमाने करणारी, डोळे लाल करून घेणारी मुलगीही मर्यादेच्या अर्ध्यावर येते. आपल्या मोहल्ल्यातल्या ज्या मुलींना “जीएसटी काढ नाहीतर नोटीस येईल” म्हणून घाबरवलं जातं, त्यांतल्या कित्येकींची वर्षाची कमाई दोन-तीन लाखांच्या पुढे नाही.

आणि नोंदणी म्हणजे नुसता एक नंबर नव्हे. नोंदणीसाठी पॅन आणि आधार लागतंच, त्याबरोबर व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो. लाइट बिल, घरपट्टी, भाड्याचं घर असेल तर करार आणि घरमालकाची एनओसी. जुन्या नाशकातल्या घरांचं लाइट बिल कुणाच्या नावावर असतं ते मी सांगायला नको. आजोबा वारून पंधरा वर्षं झाली तरी मीटर त्यांच्याच नावावर. चार चुलत्यांची सामाईक मिळकत, त्यात दोघे बोलत नाहीत. पागडीचा मालक ‘व्यवसाय’ हा शब्द कागदावर पाहिला की भाडं वाढवतो, नाहीतर सही देत नाही. घरात बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलीला यासाठी सगळ्या खानदानापुढे जाऊन सांगावं लागतं की मी किती कमावते आणि मला तुमची सही हवी आहे.

नोंदणी झाली की पुढे रिटर्न. वर्षाला ५ कोटींच्या आत उलाढाल असेल तर तिमाही पद्धत घेता येते. तरी चार जीएसटीआर-१, चार जीएसटीआर-३बी, आणि दर आर्थिक वर्षाला नवीन एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र. झाले नऊ कागद. यांत भरायचा कर किती? शून्य. निर्यात ही कायद्याने शून्य दराची आहे. रिटर्न चुकला तर मात्र शून्य करावरही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. सलग सहा महिने विसरलात तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि ती पुन्हा जिवंत करायला मागचे सगळे रिटर्न आणि दंड. हे सगळं सांभाळायला जो माणूस लागतो तो महिन्याची फी घेतो. तोच माणूस सांगत असतो की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. त्याचं त्यात काय आहे हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे म्हण आहे, कर नाही त्याला डर कशाला. या कामात कर नाही, आणि डर मात्र घरोघरी वाटला गेला आहे.

या डराचा सगळ्यात वाईट परिणाम पैशांत मोजता येत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला घरच्यांनी सांगितलं, “तुझ्या नावावर भानगड नको. भाईजानच्या खात्यावर पैसे घे, त्याचा जीएसटी आहेच.” तिने घेतले. आता काम तिचं, रात्री तिच्या, चूक झाली तर ईमेल तिला, आणि उत्पन्न भाईजानचं. तिचं आयकर विवरण नाही. उद्या व्हिसासाठी, शिष्यवृत्तीसाठी, घरकर्जासाठी तिला उत्पन्न दाखवायचं झालं तर तिच्याकडे दाखवायला काहीच नाही. चार वर्षं काम करून ती कागदावर बेरोजगार आहे. निकाह झाल्यावर हे खातं भावाकडून नवऱ्याकडे जाईल एवढाच फरक.

हे सुरक्षित आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी निर्यातीची व्याख्या वाचावी. आयजीएसटी कायद्याच्या कलम २(६)मध्ये पाच अटी आहेत. सेवा देणारा भारतात असावा, घेणारा भारताबाहेर असावा, सेवेचं स्थान भारताबाहेर ठरावं, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत सेवा देणाऱ्याला मिळालेले असावेत, आणि देणारा-घेणारा ही एकाच संस्थेची दोन दुकानं नसावीत. बहिणीने केलेल्या कामाचे पैसे भावाने घेतले तर चौथी अट कशी पूर्ण होते? भावाची उलाढाल फुगते, बहिणीची निर्यात कागदावर उरत नाही, आणि अधिकाऱ्याने विचारलं तर दोघांनाही उत्तर देता येत नाही. जी मुलगी कायद्याने पूर्ण मोकळी होती तिला आपण कायद्याच्या भीतीनेच अडचणीत ढकललं.

दुसरीकडे आपल्यातच एक उलटा सल्लाही आहे. “हिशेब कशाला दाखवायचा? गुपचूप काम करा. पैसे कुणाच्या तरी ॲपवर घ्या, रोखीत करा.” या सल्ल्यालाही माझा तितकाच विरोध आहे. जीएसटीतून सूट म्हणजे आयकरातून सूट नव्हे. उत्पन्न आहे तर ते विवरणात दाखवायचं. नव्या पद्धतीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो, मग लपवायचं कशासाठी? लपवलेल्या कमाईला बरकत नसते असं आपल्या घरातले वडीलधारे सांगायचे. मी त्यात इतकंच जोडतो की लपवलेल्या कमाईला पुरावाही नसतो, आणि ज्या समाजाच्या कष्टांना पुरावा नसतो त्याला कामचुकार म्हणायला कुणालाही सोपं जातं.

आता मुद्द्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो. ज्यांची उलाढाल २० लाखांच्या वर जाते त्यांचं काय? “वीस लाख कमावतात, मग भरू द्या की कागद,” असं म्हणणं सोपं आहे. पण कायदा कमाई मोजत नाही, उलाढाल मोजतो.

समजा वडाळा रोडवरच्या सहा मुलींनी गट केला. त्यांतल्या एकीचं इंग्रजी चांगलं, ती परदेशी कंपनीशी बोलते, काम घेते, वाटून देते, तपासते आणि पाठवते. कंपनी पैसे तिलाच देते, कारण करार तिच्याशी आहे. वर्षाला २४ लाख येतात. त्यांतले १८ लाख ती पाच जणींना देते. तिच्या हाती उरतात ६ लाख, महिन्याचे ५० हजार, त्यातच इंटरनेट, लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर. पण तिच्या पॅनवर उलाढाल २४ लाखांची. तिला नोंदणी सक्तीची. नाही केली तर दंड दहा हजारांपासून पुढे.

सरकार म्हणतं, नोंदणीचा फायदाही आहे, खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा मिळतो. कारखानदाराला मिळतो, खरं आहे. त्याने यंत्र घेतलं, कच्चा माल घेतला, त्यावर कर भरला, निर्यात केली, परतावा घेतला. या मुलीची सगळ्यात मोठी खरेदी कोणती? पाच मैत्रिणींचे कष्ट. त्या नोंदणीकृत नाहीत, त्यांनी कर लावलेला नाही, मग परतावा कशाचा? वर्षभराच्या नऊ कागदांच्या बदल्यात तिला परत मिळतो तो इंटरनेटच्या आणि सॉफ्टवेअरच्या बिलावरचा कर. सल्लागाराच्या फीलाही तो पुरत नाही.

छोट्या सेवाव्यावसायिकांसाठी सरकारने सोपी कंपोझिशन योजना काढली आहे, ५० लाखांपर्यंत उलाढाल आणि ६ टक्के कर. पण आंतरराज्य पुरवठा करणाऱ्याला ती बंद आहे. निर्यात आंतरराज्य, म्हणून निर्यातदाराला बंद. म्हणजे नाशिकच्या नाशकात भाषांतर विकणाऱ्याला सोपा रस्ता आहे, आणि देशात परकीय चलन आणणाऱ्या मुलीला अवघड. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, डॉलर तिथे छापता येत नाही. तो असाच कुणीतरी कमावून आणावा लागतो.

एलयूटीमधली एक अट तर वाचून माझा विश्वास बसेना. नियम ९६अ सांगतो की निर्यातीच्या बिलानंतर एक वर्षात पैसे आले नाहीत आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर पंधरा दिवसांत त्या बिलावरचा कर व्याजासकट भरायचा. भाषांतरावर दर १८ टक्के आहे. परदेशी कंपनी बुडाली, किंवा तिने पैसे बुडवले, हे आपल्या धंद्यात नवीन नाही. त्या वेळी ज्या मुलीचे पैसे बुडाले तिनेच न मिळालेल्या पैशांवर कर भरायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

याचा परिणाम मी पाहतो आहे. गट मोठे होत नाहीत. उलाढाल १८-१९ लाखांवर आली की काम नाकारलं जातं. जानेवारीनंतर “आता एप्रिलमध्ये बघू” असं उत्तर परदेशी कंपनीला जातं, आणि परदेशी कंपनी एप्रिलची वाट पाहत नाही. जी मुलगी उद्या पंचवीस जणींना काम देऊ शकली असती ती सहावरच थांबते.

दुसरे देश काय करतात? ब्रिटनमध्ये व्हॅट नोंदणीची मर्यादा १ एप्रिल २०२४पासून ९० हजार पौंड आहे, म्हणजे आजच्या दराने ९० लाख रुपयांहून जास्त. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परदेशी कंपन्यांना दिलेली अशी सेवा त्या मर्यादेत मोजलीच जात नाही, ती ब्रिटिश व्हॅटच्या कक्षेबाहेर मानली जाते. तिथला भाषांतरकार फक्त परदेशी कंपन्यांसाठी काम करत असेल तर त्या कामामुळे त्याच्यावर नोंदणीची सक्ती येत नाही. आपल्याकडे कलम २(६)मधल्या ‘एकूण उलाढाली’त निर्यात स्पष्ट शब्दांत मोजली जाते. (हे कलम २(६) सीजीएसटी कायद्याचं, वरचं आयजीएसटीचं. दोन कायद्यांत एकाच क्रमांकाला दोन व्याख्या, हाही एक नमुनाच.)

ब्रिटन लांब वाटत असेल तर दुबई पाहा. आपल्यातल्या किती घरांची चूल तिथून पेटते. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ला व्हॅट आला, ५ टक्के. सक्तीची मर्यादा ३ लाख ७५ हजार दिरहम, म्हणजे ८० लाख रुपयांच्या वर. आणि तिथल्या कायद्यात एक सरळ सोय आहे: ज्याचे सगळे पुरवठे शून्य दराचे आहेत, त्याला अर्ज करून नोंदणीतून अपवाद मागता येतो. कर शून्य आहे तर कागद कशाला, हा साधा प्रश्न तिथल्या कायदा लिहिणाऱ्यांना पडला. आपल्याला का पडू नये?

मला माहीत आहे यावर काय म्हटलं जाईल. पहिला आक्षेप, सूट दिली तर खोट्या निर्यातीच्या नावाखाली काळा पैसा फिरेल. पण परदेशातून येणारा प्रत्येक डॉलर अधिकृत बँकेतूनच येतो, त्यावर कशाचे पैसे आहेत याचा परपज कोड लागतो, आणि तो पॅनशी जोडलेल्या खात्यात पडतो. माहिती सरकारकडे आधीच आहे. खोटी निर्यात दाखवून फसवणूक होते ती परतावा उकळण्यासाठी, आणि नोंदणी नसलेल्याला परतावा मागताच येत नाही. दुसरा आक्षेप, नोंदणी आता सोपी झाली आहे. झाली आहे, मान्य. नोव्हेंबर २०२५पासून कमी जोखमीच्या अर्जदारांना तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देण्याची पद्धत आली. पण आत जाणं सोपं झालं म्हणून आत राहणं सोपं होत नाही. नऊ कागद नऊच राहिले. तिसरा आक्षेप, एवढ्याशा लोकांसाठी कायदा कसा बदलणार? बदलायची गरजच नाही. कलम २३(२) सरकारला अधिकार देतं की जीएसटी परिषदेच्या शिफारशीने अधिसूचना काढून कोणत्याही वर्गाला नोंदणीतून मोकळं करावं. जे फक्त उलट आकारणीचे पुरवठे करतात, म्हणजे ज्यांचा सगळा कर ग्राहकच भरतो, त्यांना जून २०१७मध्ये याच अधिकाराखाली सूट दिली गेली. त्यामागचा विचार हाच होता, की याच्याकडून कर यायचाच नाही तर कागद कशाला. आमची मागणी त्याच विचाराची पुढची ओळ आहे.

मागणी अशी. एक, ज्या एकट्या व्यक्तीच्या सगळ्या सेवा निर्यातीच्या आहेत आणि जिला परतावा नको आहे, तिला नोंदणीतून सूट द्यावी. हवं तर वर्षातून एकदा एका पानाचं निवेदन घ्यावं. दोन, हे जमत नसेल तर निदान २० लाखांची मर्यादा मोजताना निर्यात वगळावी. तीन, कलम २४मध्येच स्पष्ट लिहावं की २० लाखांच्या आतल्या सेवा-निर्यातदाराला सक्ती नाही. आज सक्ती कायद्यात आहे आणि सुटका अधिसूचनेत, आणि केंद्राची अधिसूचना राजपत्रात हिंदी-इंग्रजीत छापली जाते. तीन भाषांत काम करणाऱ्या मुलीला तिच्याच हक्काचा कागद मराठीत किंवा उर्दूत वाचायला मिळत नाही. महाराष्ट्राचा मंत्री जीएसटी परिषदेवर बसतो. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून ऑक्टोबर २०२४मध्ये पेढे वाटले गेले. त्या भाषेवर पोट भरणाऱ्यांचा एक प्रश्न परिषदेत मांडणं हे त्या पेढ्यांहून मोठं काम होईल.

मागणी मान्य होईपर्यंत आपण काय करायचं तेही सांगतो. पैसे स्वतःच्या नावाच्या, स्वतःच्या पॅनच्या खात्यावर घ्या. प्रत्येक बिलाला क्रमांक आणि तारीख द्या. बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून परदेशातून रक्कम आल्याचा दाखला दर वेळी मागून जपून ठेवा. एप्रिल ते मार्च उलाढालीची बेरीज वहीत लिहा. त्यात त्याच पॅनवरचं गाळ्याचं भाडंही मोजलं जातं, नोकरीचा पगार मोजला जात नाही. काम परदेशी कंपनीसाठी असलं तरी पैसे देणारी मधली कंपनी दिल्लीची किंवा बंगळुरूची असेल, तर ती निर्यात नव्हे. युरोपच्या कंपनीचा फॉर्म व्हॅट नंबर मागतो तेव्हा घाबरू नका. नोंदणी नाही असं लिहा. कंपनी ग्राहक असेल तर त्या सेवेवरचा कर तिने तिच्या देशात उलट आकारणीने दाखवायचा असतो. तुम्हीच परदेशातल्या एखाद्या संपादकाकडून काम करून घेऊन पैसे देत असाल, तर मात्र गणित बदलतं, उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागू शकते. तेव्हा सीएकडे जा. आणि उलाढाल १५ लाखांच्या पुढे गेली की तसंही एकदा जा. नोंदणी लागणार असेल तर ती वेळेवर करा, लपू नका.

आई-वडिलांना आणि भावांना एक विनंती. तुमच्या मुलीच्या कामाला कायद्याची अडचण आहे असं कुणी सांगितलं, तर त्याला कलमाबरोबर अधिसूचनाही दाखवायला सांगा. क्रमांक १०/२०१७, तारीख १३ ऑक्टोबर. ती वाचा, आणि बँकेचं पासबुक तिच्या हातात द्या.